पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला

२७ जुलै, रात्री साडेअकरा. शाहूपुरी, कोल्हापूर.

सकाळपासून पावसानं धार धरलीय. आबा तासातासाला बातमी आणतात. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३८ फूट. इशारा ३९ ला, धोका ४३ ला. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांआधी येतात. मी मात्र बॅरन बेटाचा इंटरफेरोग्राम उघडून बसलेय. अंदमानातला हा आपल्या देशातला एकमेव जागता ज्वालामुखी. दोन तारखांच्या रडार प्रतिमा एकमेकींशी ताडून बघितल्या की जमीन किती फुगली, किती खचली ते इंटरफेरोग्रामवर रंगीत पट्ट्यांत उतरतं. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचा एक पट्टा म्हणजे जमिनीची जेमतेम २.८ सेंटिमीटर हालचाल. आजचे पट्टे बहुतेक हवेतल्या बाष्पाचेच निघणार. आठवडा पाण्यात.

आबा मागून डोकावले. "सातशे किलोमीटरवरनं बोटभर जमीन हलल्याली कळती, मग गल्लीत पाणी कवा येणार ते का कळंना?"

म्हटलं, उपग्रह एका जागी बसून नसतो, बारा दिवसांनी परत त्याच वाटेवर येतो.

"म्हंजे एस्टीगत. पाणी स्टँडवर थांबतंय व्हय?"

२०१९ च्या पुरातलं त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी तेव्हा पीएचडीसाठी परदेशात. घरचा फोन लागेना. रडारला ढगांचं वावडं नाही, म्हणून ताजी प्रतिमा उतरवून घेतली. शिरोळकडची शेतं काळीभोर. सपाट पाण्यावरून लहरी पलीकडेच निसटतात, उपग्रहाकडे परतत नाहीत. मग आमची गल्ली शोधली. लख्ख पांढरी, नेहमीसारखी. हुश्श केलं, जेवले, झोपले.

तीन दिवसांनी फोन लागला. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला होतं.

पाणी आणि भिंत यांच्या काटकोनात आपटून लहरी सरळ उपग्रहाकडे परततात, त्यामुळे बुडालेली वस्तीसुद्धा पांढरीच दिसते. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं.

डिसेंबरात ही नोकरी संपते. तिसरी हंगामी. सगळे म्हणतात पुरावर काम कर, कोल्हापुरात कुठला आलाय ज्वालामुखी? ती सातवी पायरी काळ्या दगडाची आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. पण मुलाखतीत हे बोलायची सोय नाही.

आबांची हाक आली. ३९ झाले. पंचगंगेच्या पुलावरच्या मच्छिंद्रीच्या खुणेला पाणी लागेपर्यंत आबा आता थांबत नाहीत. तांदळाचं पोतं वर न्यायचंय.