बोंड्या आणि वाया गेलेला मंगळवार

बोंड्याला जाऊन आज 18 दिवस झाले. रात्री जागलीला वावरात जातो तेव्हा टॉर्च आधी पायाजवळ मारायची सवय अजून गेली नाही, कारण तो कायम पायातच असायचा आणि एकदा शेपटीवर पाय पडला तर अर्धं शिवार उठवलं होतं त्यानं. रोही, डुक्कर काही आलं तर भुंकायचा मात्र माझ्या मागं उभा राहून.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आणला होता. मित्राच्या गोठ्यात कुत्री व्याली होती, बाकीची पिल्लं काळी-तांबडी आणि हा एकटा पांढराफटक, फुटलेल्या बोंडासारखा, म्हणून बोंड्या. तेव्हा दीडेक महिन्याचा असेल. बाबांचं आणि त्याचं भांडण एकच, वेचणी सुरू झाली की समोरच्या खोलीत कापूस भरतो आम्ही आणि हा त्या ढिगात खड्डा करून झोपायचा. बाबा ओरडायचे, "कापसात केस निघाला का व्यापारी भाव पाडते, हाकल त्याले!" मी हाकलायचो, तो दुसऱ्या बाजूनं यायचा.

सोमवारी संध्याकाळी दुधातली भाकर तशीच राहिली. रात्री दोनदा उलटी. आता इथं माझी चूक सुरू होते. शेजारच्या वावरात त्याच दिवशी तुरीवर अळीचं औषध मारलं होतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यामुळं उलटी दिसली की आमच्याकडे पहिला संशय औषधावरच जातो, माणूस असो का जनावर. "औषध लागलं असन त्याले, ताक पाज," असं जो तो म्हणला आणि मी मंगळवारचा अख्खा दिवस त्याला ताक पाजत बसलो. पाजलं की उलटी, उलटी झाली की पुन्हा पाजायचं. पोटातलं विष निघून राहिलं असं वाटत होतं मला.

बुधवारी सकाळी अंगणात रक्त. जुलाब म्हणण्यासारखं पण काही नव्हतं ते, नुसतं लाल पाणी, आणि तो वास, त्याबद्दल लिहीत नाही, ज्यांनी घेतला त्यांना माहीत आहे. शेजारी गाय तपासायला डॉक्टर आले होते, त्यांना ओढूनच आणलं. त्यांनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. म्हणले, पार्वो वाटते, कुत्र्याच्या आतड्यांचा व्हायरसचा आजार, इथं टाइमपास करू नका.

सोयाबीनच्या रिकाम्या कट्ट्यात त्याला घातला, तोंड बाहेर ठेवलं, मित्र गाडी चालवत होता आणि मी मागं. यवतमाळपर्यंत तो एकदाही कट्ट्यातून बाहेर निघायला धडपडला नाही. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तिथल्या डॉक्टरांनी विष्ठेची स्ट्रिप टेस्ट केली, दोन रेघा आल्या. पार्वोच. विचारलं, लस दिली? मी एकदम जोरात हो म्हणलो. गावात कॅम्प आला होता तेव्हा टोचून घेतलं होतं ना. कार्ड मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेलं, तेच दाखवलं. "ही रेबीजची आहे," ते म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं हो. आमच्याकडे कुत्र्याचं इंजेक्शन म्हणजे एकच, पिसाळू नये म्हणून. पार्वोची लस वेगळी असते, पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं झालं की सुरू करायची आणि दर 3-4 आठवड्यांनी पुन्हा, साधारण 16 आठवड्यांचं होईपर्यंत, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही आणि ती कधी संपते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणजे बोंड्या आमच्या दारात आला त्याच आठवड्यात पहिला डोस बसायला पाहिजे होता.

या व्हायरसवर थेट औषध नाही. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, आणि अँटिबायोटिक, ते यासाठी की आतड्याचं अस्तरच सोलून निघते आणि तिथून जंतू रक्तात शिरतात, त्यात पांढऱ्या पेशी पण कमी झालेल्या. बुधवारी वजन 7 किलो 200 भरलं. गुरुवारी पुन्हा नेला तेव्हा 6 ला आला होता.

रात्री ठेवायची सोय नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पायात सुई तशीच ठेवून चिकटपट्टी लावली आणि थेंब किती सोडायचे ते दाखवलं. घरी सलाईन लटकवायला जागा एकच, कापूस मोजायचा काटा टांगतो ना आम्ही, तो आकडा. खाली कापसाचा ढीग, त्यावर गोधडी, त्यावर तो. बाबा काही बोलले नाही. मध्ये त्यानं मान उचलून कोपऱ्यातल्या पाण्याच्या वाटीकडं बघितलं, बराच वेळ बघत होता. उलट्या थांबेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून मी ती वाटी उचलून बाहेर ठेवली. पहाटे 4 च्या आसपास गेला. सलाईन चालूच होतं, कितीतरी वेळ मला ते बंद करायचं सुचलं नाही.

धुऱ्यावरच्या बाभळीखाली पुरला. बाबांनी खड्डा पुन्हा खोल करायला लावला आणि वरून काट्या टाकल्या, कोल्हे उकरतात म्हणून.

काकू म्हणली, "बैल गेला तवा इतका नाही रडला तू, कुत्रं तर होतं बाप्पा." खरं आहे. 2022 ला लम्पीत आमचा बैल गेला, पण तेव्हा पंचनामा झाला, माणसं आली, फोटो काढले, 25 हजार मिळाले, सगळं गाव हळहळलं. त्या गडबडीत रडायचं राहूनच गेलं. या वेळी रिकामा होतो. वेचणीला बाया आल्या होत्या, त्यांना काय झालं म्हणून सांगू, डोळ्यात कचरा गेला म्हणलो, तर एकजण पदरानं फुंकर मारायला लागली.

लागण झाल्यावर 3 ते 7 दिवसांत हा आजार दिसतो म्हणे. मी मागं मागं मोजत गेलो तर बरोबर दारव्ह्याचा बाजार येतो. चपलेला लागून पण येतो हा व्हायरस. बाजारात मी एकटाच गेलो होतो.

फिनाईलनं तो मरत नाही, ब्लीच लागते, 30 भाग पाण्यात एक भाग. फरशी, कवाड, वाटी, चपला सगळं धुतलं. मातीच्या अंगणाचं काय करता, आई सारवते पण मातीत तो महिनोन्‌महिने, वर्षभर पण राहू शकतो. म्हणून वर्षभर तरी आमच्या दारात पिल्लू नाही.

बोंड्याचा एक भाऊ गावातच आहे, तांबडा. त्यांच्याकडे गेलो तर रस्त्यावरच उभा राहिलो, कवाडाला हात पण लावला नाही, आणि तिथूनच ओरडून सांगितलं की लस द्या. ते हसले. म्हणले, "झालं ना इंजेक्शन, कॅम्पमधी!"

पंधरा मिनिटं लागली समजवायला. रविवारी ते त्याला यवतमाळला घेऊन गेले. गाडी माझीच दिली, आदल्या दिवशी ब्लीचच्या पाण्यानं दोनदा धुऊन. सीटचा रंग उडाला आहे मागच्या बाजूला.