टर्की आणि धनुष्यबाण
आज पहाटे अंधारातच ऑफिसातल्या मित्राबरोबर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या जंगलात टर्कीच्या शिकारीला गेलेलो, तेही बंदूक नाही, धनुष्यबाण! मला वाटलेलं एवढा थोराड पक्षी, त्यात काय अवघड. पण त्याची नजर म्हणजे सोसायटीतल्या खिडकीतल्या काकू, काही म्हणजे काही सुटत नाही. मान न वळवता जवळपास २७० अंशातलं दिसतं त्याला, रंगही कळतात. बंदूकवाला आधीच नेम धरून बसू शकतो, धनुष्य मात्र पक्षी जवळ आल्यावरच ओढायचं आणि तीच हालचाल घात करते. म्हणून काळे कपडे घालून छोट्या तंबूत बसायचं, बाहेर प्लास्टिकची मादी, आणि मित्र तोंडात रबराची पातळ चकती धरून मादीचा आवाज काढतोय (भारी काढतो हां). नर आला, शेपटीचा पंखा पसरून, लाल-निळं डोकं, फुगून दुप्पट झालेला, आणि इथेच गोची, मर्मस्थान जेमतेम मुठीएवढं, ते त्या पिसाऱ्यात नेमकं कुठेय तेच कळेना. पक्षी पंधरा-वीस मीटरवर, तरी पठ्ठ्याने बाण सोडलाच नाही. जखमी होऊन पळाला तर सापडत नाही म्हणे. मला आवडलं ते. बाय द वे, इथल्या टर्की पार संपल्या होत्या, १९७६ मध्ये मिसुरी राज्यातून आणून परत सोडल्या. बायकोने विचारलं काय आणलंस, म्हटलं दूध आणि ब्रेड 😄