तंबाखू नाही खात, मिसरी लावते फक्त

दोन आठवडे झाले, मी आमच्या भागातल्या आशाताईंबरोबर घरोघरी फिरतेय. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो, त्यात कमरेचा घेर, दारू, तंबाखू, घरात कुणाला बीपी-शुगर, मग तोंडात बरी न होणारी जखम आहे का, छातीत गाठ लागते का, पाळी गेल्यावर परत रक्त जातं का असं सगळं विचारतात. ताई विचारतात, मी लिहिते.

आमचा भाग म्हणजे सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडचा, दर दोन घरांमागे एकीच्या मांडीवर सूप आणि सुपात विड्या वळायची तंबाखू. बोलणं निम्मं तेलुगू निम्मं मराठी. परवा एका अक्कांकडे गेलो, पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापत बसल्या होत्या, हात थांबतच नव्हता. ताईंनी विचारलं, तंबाखू खाता का? नाही म्हणाल्या. मी "नाही" वर टिक करणार तेवढ्यात त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट दिसलं, टोकाला काळंभोर, नखाच्या कडेला पण काळं. मी विचारलं, अक्का मिसरी लावता का? "ते तर लावतेच की, सकाळी, दुपारी जेवल्यावर, झोपताना. त्याशिवाय पोट साफ होत नाही बाळा."

आता मिसरी म्हणजे काय, तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. तंबाखूच आहे ती. पण अक्का खोटं बोलल्या नाहीत, त्यांच्या मनात तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून चोळतात ती, आणि मिसरी हे दात घासायचं औषध. आधीच्या कितीतरी घरांत मी बिनधास्त "नाही" वर टिक केलंय आणि ते आठवून मला रात्री झोप लागली नाही, कारण त्या कागदावरून पुढं ठरणार की कुणाला आधी तपासायचं. दुसऱ्या दिवशी ताईंना म्हटलं परत जाऊ त्या घरांत, आणि आम्ही गेलो. आता मिसरी, मावा (चुना लावून चोळलेली सुपारी-तंबाखू), सुपारी, पान, प्रत्येकाचं नाव घेऊन वेगवेगळं विचारतो.

सुपारीचं तर कुणाला काही वाटतच नाही. तंबाखूशिवाय नुसती सुपारी चघळली तरी कॅन्सर होऊ शकतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं हे 2004 मध्येच छापलंय. गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते, तिखट झोंबतं, मग तोंड उघडेना होतं. घरच्या घरी बघायचं असेल तर आपलीच तीन बोटं जोडून उभी तोंडात घालून बघा. त्या अक्कांची दोनच गेली, ती पण ओढून ताणून. टॉर्च मारला तर गालात आत पांढरा चट्टा, पुसला तरी जाईना. मुलगा शेजारी उभा होता, त्याच्या खिशात माव्याची पुडी. गुटखाबंदी होऊन 2012 पासून इतकी वर्षं झाली पण मावा टपरीवर प्लास्टिकमध्ये चोळून मिळतोच आहे.

माझ्या आत्याचं असंच झालं होतं. दात टोचतोय म्हणून सहा महिने वर लावायचं जेल दिलं एकानं, तोंड उघडून नीट बघितलंच नाही, आणि कळलं तेव्हा गाठ मानेत उतरली होती. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर थांबायचं नसतं, हे तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि हे आपल्याच जिल्ह्यात, जिथं बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला, तो 2009 मध्ये आला, त्यात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, फक्त एकदा टेस्ट केलेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. एकदा! आपल्या बाजूच्या गावांतल्या बायकांमुळं हे जगाला कळलं आणि इथं आमच्या गल्लीत खालची तपासणी म्हटलं की बायका दार लोटून घेतात. आम्ही आता आधी सांगतो की तपासणी बाईच करणार, पातळ व्हिनेगरसारखं औषध लावून बघतात, थोडंसं चुरचुरतं, पाच मिनिटांचं काम. एवढं सांगितलं की चार तरी हो म्हणतात.

खरी अडचण वेगळीच आहे. दवाखान्यात गेलं की दिवस जातो आणि दिवस गेला की त्या दिवसाच्या हजार विड्या बुडतात, चिठ्ठी देऊन काही होत नाही, ती देवाच्या फोटोमागं जाऊन बसते. अक्का पण नाहीच म्हणत होत्या, दिवाळीनंतर बघू म्हणाल्या. शेवटी सून आतून बाहेर आली आणि म्हणाली, अत्ते, तुमच्या वाटच्या मी वळते, तुम्ही जा. सोमवारी सकाळी आठला मी त्यांना घ्यायला जाणार आहे.