वीस फुटांत एक सूत

जेवण झाल्यावर दुपारी माणसाने जरा आडवं व्हावं. मी ते सोडून अमेरिकन कृषी खात्याचं १९५२ सालचं हँडबुक क्रमांक २७ उघडून बसलो होतो. ‘स्मॉल सॉमिल ऑपरेटर्स मॅन्युअल’. वखार काढायचा विचार नाही हो! टेबलावर १:८७ मापाची, अमेरिकन जंगलातली छोटी सॉ मिल बांधतोय, तिच्यासाठी.

मॉडेलं बांधायच्या या छंदातली मंडळी फोटो बघून बांधतात. फोटोत असतो गंजका पत्रा, कलतं धुराडं, ओंडक्यावर पाय देऊन उभा राहिलेला टोपीवाला. पट्टा कुठल्या पुलीवरून जातो, करवतीखालचा भुसा कुठे पडतो आणि तिथून त्याला कोण ओढून नेतं, हे सांगायला सरकारी माणूसच लागतो. त्याला कुणाला खूश करायचं नसतं. शिवाय अमेरिकन केंद्र सरकारच्या अशा पुस्तकांवर कॉपीराइट नाही, म्हणजे सगळं फुकट. तक्रार एकच: काही जुन्या अहवालांतले घडीचे नकाशे कुणा महाभागाने घडी न उलगडताच स्कॅन करून ठेवलेत. नेमकी हवी ती पुली घडीच्या पोटात!

तर, गोल करवत ओंडका पुढे नेणाऱ्या गाडीच्या रुळांना अगदी समांतर लावत नाहीत. तिची कापणारी कड ओंडक्याकडे किंचित झुकवतात, वीस फुटांत साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे मागच्या बाजूचे दात लाकडाला घासत नाहीत, पातं तापत नाही. माझ्या मापात हे एक सूत म्हणजे मिलिमीटरचा सत्ताविसावा भाग, केसाच्या जाडीहून कमी. कुणाला दिसणार? कुणालाच नाही. तरी मी भिंग लावून पातं तिरकं करत बसलो. घरच्यांनी विचारलंही नाही, सवय झालीय.

‘सूत’ मी पहिल्यांदा ऐकलं ते गावातल्या वखारीत. वडिलांना चौकटींसाठी सागवान हवं होतं. शेठ ओंडक्याला सुतळी गुंडाळायचे, घेर मिळाला की सुतळीची चौपदरी घडी घालून ती पट्टीवर धरायचे. त्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग गुणिले लांबी, झाले घनफूट. गोल ओंडक्याचं खरं घनफळ याहून जास्त भरतं. या हिशोबात त्यातलं २१ टक्क्यांच्या आसपास सुटतं. भूमिती शिकल्यावर मी हे वडिलांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं. ते म्हणाले, “अरे, साल आणि भुसा काय घरी आणायचा होता?” खडूने ओंडक्याच्या तोंडावर आकडा पडायचा आणि मग पट्टा करवत किंचाळायला लागायची. मला कानांत बोटं घालायला सांगत, आणि मी घालत नसे.

पलीकडच्या बाजूने फळी ओढून घ्यायला एक मामा असायचे. मला चिंचेच्या गोळ्या द्यायचे, डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. कुणी त्याबद्दल बोलायचं नाही, तेही नाहीत.

गोल करवतीच्या मागे एक पातळ पाचर उभी करतात, कापलेली फळी दातांवर येऊन माणसाच्या अंगावर फेकली जाऊ नये म्हणून. मॉडेलवाले ती सहसा गाळतात. बारीक असते, चिकटवताना मोडते. माझीही दोनदा मोडली. आता पत्र्याची करतोय.