सोळा रिकाम्या तासिका

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी हायस्कुलात मी प्रभारी मुख्याध्यापिका होते, तेव्हाच्या जुलैमधल्या एका गुरुवारची ही गोष्ट आहे. पाचवी ते दहावी असे सहा वर्ग, पटावर 118 मुले आणि मला धरून शिक्षकांच्या मंजूर जागा 8. त्यांपैकी गणिताची जागा रिकामी होती, एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर होती, एकाकडे मतदारयाद्यांचे काम होते आणि त्या दिवशी आणखी एकाचे प्रशिक्षण पर्वरीला होते. प्रार्थना संपली तेव्हा सहा वर्गांसाठी आम्ही चौघे उरलो. दिवसाच्या 48 तासिकांपैकी 32 भरता येणार होत्या, आणि त्याही मी कार्यालयात पाऊलसुद्धा ठेवले नाही तरच.

मतदारयाद्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण या कामांसाठी शिक्षक घेण्याची मुभा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पण एक माणूस गेल्यावर त्याच्या वर्गात दुसरे कोणी उभे राहू शकेल, एवढी माणसे शाळेत असायला हवीत, आणि ती आमच्याकडे नव्हती.

पाऊस इतका होता की पत्र्यावरच्या आवाजात बोललेले ऐकू येत नव्हते. मी आठवी आणि नववी सभागृहात एकत्र बसवली आणि नववीच्या मराठीच्या पुस्तकातून प्रकट वाचन सुरू केले. पाळी नववीतल्या एका मुलावर आली. वर्गात खोड्या काढणारा, सदा बाहेर उभा केला जाणारा मुलगा म्हणून त्याची ख्याती होती. तो उभा राहिला आणि परिच्छेद न अडखळता, चांगल्या आवाजात म्हणून गेला. मी त्याला शाबासकी देणार, तोच शेजारी बसलेला आठवीतला मुलगा म्हणाला, “टीचर, ह्याने पान दुसरेच उघडले आहे.”

मी जवळ जाऊन पाहिले. पुस्तक चार धडे पुढे उघडलेले होते. मुले हसली, त्याने पुस्तक बाकावर आपटले आणि तो पावसात निघून गेला.

मला त्याच्या मागे धावता आले नाही. समोर दोन वर्ग होते आणि पलीकडच्या खोलीत शिक्षकाविना बसलेल्या सहावीसमोर शिपाई उभा होता. ती पंधरा मिनिटे मी कशी काढली हे आजही नीट सांगता येत नाही, कारण शाळेच्या मागे व्हाळ आहे आणि त्या दिवशी तो दुथडी भरून वाहत होता. सुदैवाने माध्यान्ह आहार घेऊन आलेल्या स्वयंसाहाय्य गटातल्या बाईंनी त्याला पाहिले आणि मागच्या पडवीत बसवून ठेवले. हा आहार आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असतो. तरी त्यांनी त्याला पावभाजी वाढली होती. मधल्या सुट्टीत मी त्याच्याशेजारी बसले.

“धडा पाठ कसा झाला, बाबा?”

“बहीण सातवीत आहे, टीचर. रात्री ती वाचते, मी ऐकतो.”

अक्षरे त्याला ओळखू येत होती. ती जोडून शब्द होत नव्हता. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. त्या संध्याकाळी मी जुन्या हजेऱ्या काढल्या. चार वर्षांत त्याला मराठी शिकवायला चार जण आले होते, चौघेही लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासिकेप्रमाणे मानधनावर, वर्षापुरते. त्यांच्या कामात मला उणे काढायचे नाही. एखाद्या मुलाचा गोंगाट कशासाठी आहे हे कळायला वर्ष जाते, आणि वर्ष संपताच त्यांची नेमणूकही संपत होती. कागदावर मात्र मराठीची जागा एकदाही रिकामी दिसत नाही. समुपदेशक आठवड्यातून एकदा येत, तेही इतर शाळा सांभाळून, आणि त्यांच्याकडे आम्ही याला पाठवत होतो तो ‘वर्तन सुधारावे’ म्हणून.

विशेष शिक्षकाचे गणित तर मला त्याच दिवशी नीट उमगले. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर 10 जणांमागे एक आणि त्यापुढे 15 जणांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. आमच्या नोंदीत अशी मुले शून्य होती, म्हणून विशेष शिक्षकही शून्य. पण ही मुले ओळखायची कोणी? ओळखणारा माणूस नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून माणूस नाही.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून त्याला आणि त्याच्या आईला घेऊन तपासणीसाठी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेले. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचणे-लिहिणे न जमणे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ व लेखनिक मिळतो, हे त्या माउलीला मी बसमध्ये सांगितले. तिने एवढेच विचारले, “पाचवीत असताना कोणी का नाही सांगितले?” मला उत्तर देता आले नाही.

परत आल्यावर मी वरिष्ठ कार्यालयाला गणिताचा शिक्षक आणि आठवड्यातून दोन दिवस विशेष शिक्षक मागितला. उत्तर आले की शाळेत साधारण 15 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे, हे प्रमाण निकषापेक्षा चांगले आहे. मंजूर जागांवर काढलेले ते प्रमाण चुकीचे नव्हते. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची 35 मुलांमागे एक शिक्षक सांगते, पण त्याच अनुसूचीत वर्गागणिक किमान एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी निदान एकेक शिक्षक असावा असेही लिहिले आहे. लहान शाळेचे दुखणे नेमके तिथे असते. मुले थोडी असली तरी वर्ग सहाच्या सहा असतात, विषयही मोठ्या शाळेइतकेच असतात.

दुसऱ्या पत्राला मी त्या गुरुवारचे वेळापत्रक जोडले आणि शिक्षक नसलेल्या 16 चौकटी लाल शाईने रंगवल्या. दिवाळीनंतर विशेष शिक्षिका एक दिवस येऊ लागल्या. तोवर सहावीतली आणखी दोन मुले आम्ही त्यांच्यासाठी निवडून ठेवली होती. गणिताची जागा मी बदली होऊन जाईपर्यंत भरली नव्हती.