मॉन्ट्रियल: तीस वर्षं फेडलेलं ऑलिम्पिक

आम्हाला उतरायचं होतं त्या स्टेशनाचं नाव पी-नॉफ. नवव्या पायस पोपचं नाव ते, लिहितात 'पाय-नववा' असं, म्हणतात मात्र फ्रेंचमध्ये. "मावशी, टोपी कानांवर ओढून घे," भाची म्हणाली. बाहेर उणे अठरा होतं. फेब्रुवारीत कॅनडातल्या मॉन्ट्रियलला कशाला येतेस, असं सगळ्यांनी विचारलं होतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वारा तोंडावर आपटला आणि समोर ऑलिम्पिक स्टेडियमचा तो मनोरा दिसला. १६५ मीटर उंच, पंचेचाळीस अंशांत कललेला. विहिरीत डोकावावं तसा खालच्या स्टेडियमवर वाकून उभा आहे.

१९७६ चं मॉन्ट्रियल ऑलिम्पिक म्हटलं की माझ्या पिढीला रुमानियाची जिम्नॅस्ट नादिया कोमानेची आठवते. दहापैकी दहा दाखवायची सोयच गुणफलकावर नव्हती, म्हणून तिथे १.०० झळकलं होतं. इथल्या माणसांना मात्र १९७६ म्हटलं की आधी कर्ज आठवतं. महापौर जाँ द्रापो यांनी शहराला सांगितलं होतं की, पुरुषाला मूल होणार नाही तसा ऑलिम्पिकला तोटा होणार नाही. मग महागाई, संप आणि वास्तुकार रॉजे तायिबेर यांचा अवघड आराखडा, सगळं एकाच वेळी अंगावर आलं. नोव्हेंबर १९७५ मध्ये क्वेबेक प्रांताच्या सरकारने काम स्वतःच्या हातात घेतलं. तरी १७ जुलैला उद्घाटन झालं तेव्हा मनोरा अर्धवटच होता. तो पुरा व्हायला १९८७ उजाडलं.

पैसे कुठून आले? बऱ्याच अंशी सिगारेटींवरच्या खास करातून. शेवटचा हप्ता फिटला नोव्हेंबर २००६ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. व्याजासकट आकडा सुमारे दीड अब्ज डॉलरवर गेला होता. स्टेडियमचं टोपणनाव 'बिग ओ'. इंग्रजीत 'ओ' म्हणजे देणं लागणं असंही ऐकू येतं, आणि लोक ते मुद्दाम तसंच म्हणतात. शेजारचा ओशेलागा-मेझोनव हा कामगारांचा भाग. इथल्या कारखान्यातून सुटून घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेटचं पाकीट घेणाऱ्या माणसाने, स्पर्धेचं एकही तिकीट न काढता, हे स्टेडियम उभं केलं. ते मनातून जाईना. मी त्या थंडीत काँक्रीटच्या बरगड्यांकडे बघत उभी राहिले. भाचीने दोनदा हाक मारली.

छताचं दुखणं तर अजून संपलेलं नाही. जानेवारी १९९९ मध्ये बर्फाच्या भाराने ते फाटलं. पुढे तीन सेंटिमीटरहून जास्त बर्फाचा अंदाज असला की आतले कार्यक्रम रद्द करायची पाळी आली. ज्या शहरात हिवाळा पाच महिने मुक्काम ठोकतो, तिथे! आता ते छतच काढून नवीन बसवण्याचं काम चालू आहे.

एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. स्पर्धेसाठी शेरब्रुक रस्त्यावर कित्येक किलोमीटरभर चित्रं, शिल्पं, जुन्या घरांचे फोटो मांडले होते. 'कॉरिडार्ट' त्याचं नाव. उद्घाटनाला जेमतेम चार दिवस असताना महापौरांच्या हुकमावरून महापालिकेची माणसं रात्री आली आणि सगळं उखडून घेऊन गेली. पाहुण्यांसाठी शहर चकाचक करताना त्याच शहराच्या कलावंतांचं काम कचऱ्यासारखं उचललं गेलं. कर्जापेक्षाही मला याचाच जास्त राग आला.

मग आम्ही शेजारच्या बायोडोममध्ये शिरलो. १९७६ मध्ये इथे सायकलींच्या शर्यती आणि ज्यूदो झाले, १९९२ पासून प्राणी राहतात. दार उघडताच चष्म्यावर दाट वाफ धरली. पुसून बघते तर समोर पावसाळी जंगल, ओल्या मातीचा आपल्या जूनसारखा वास आणि पाण्याकाठी डुलक्या काढणारा कॅपिबारा, म्हणजे भला मोठा उंदरासारखा प्राणी. पुढच्या दालनात पेंग्विन. काचेला नाक लावून उभी असलेली बालवाडीची रांग फ्रेंचमध्ये त्यांना हाका मारत होती. मान वर केली की छताच्या त्या लांबलचक काँक्रीटी कमानी दिसतात. असा दुसरा जन्म सगळ्याच क्रीडागृहांच्या नशिबी नसतो.

आणि मेट्रो. आम्ही आलो ती हिरवी मार्गिका पूर्वेकडे वाढली ती जून १९७६ मध्ये, स्पर्धेच्या तोंडावर. त्या गाडीत आज कुणीही ऑलिम्पिकबद्दल बोलत नाही, आणि मला त्याचंच बरं वाटलं.

निघताना मनोऱ्याच्या पायथ्याच्या तरणतलावात डोकावलो. स्पर्धेसाठी बांधलेला हा तलाव आज सगळ्यांना खुला आहे. कडेच्या मार्गिकेत एक आजी संथपणे पोहत होत्या. भिंतीला हात टेकवायच्या, दम घ्यायच्या, पुन्हा निघायच्या. अर्ध्या तासाने त्याच आजी आम्हाला पी-नॉफच्या फलाटावर दिसल्या. लोकरीच्या टोपीखालून ओले पांढरे केस आले होते, आणि मांडीवरच्या पिशवीतून टॉवेलचं टोक डोकावत होतं.