तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअरमधला बग सुटलेला नसताना त्याचा रिपोर्ट बंद का करता?

हा प्रश्न मला सतत येतो, कधी नीट, कधी शिव्यांसकट, आणि मी दरवेळी तेच ठरलेलं दोन ओळींचं उत्तर चिकटवून मोकळी होते. आज जरा सविस्तर लिहिते.

माझं काम ट्रायेजचं, म्हणजे आलेले बगचे रिपोर्ट चाळून कुठल्याचं काय करायचं ते ठरवायचं, त्याच्या खोलात शिरत नाही. फक्त एवढंच सांगते की 'चालत नाही' एवढ्या दोन शब्दांचा रिपोर्ट आला की काय चालत नाही, कुठल्या व्हर्जनमध्ये, आधी चालत होतं का, हे सगळं मला विचारावं लागतं, आणि निम्मे लोक परत फिरकतच नाहीत. मग तो रिपोर्ट उघडा ठेवून कुणाचं भलं होणार? म्हणून आम्ही बॉट लावला, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम. 'माहिती हवी' हे लेबल लागल्यावर 60 दिवस काही हालचाल नाही झाली की तो रिपोर्ट आपोआप बंद करतो. बॉट लावायचा हट्ट माझाच होता, आणि लावला त्या दिवशी मला फार हुशार वाटलं होतं.

तर एक रिपोर्ट आला, 'फाईल रिकामी झाली'. मी तीच फाईल उघडली, सेव्ह केली, दहादा केली, काही झालं नाही. लॉग (प्रोग्रॅमने काय काय केलं त्याची नोंद) मागितला, लेबल लावलं, पुढच्यावर गेले. त्या माणसाचं उत्तर आलं नाही, बॉटने साठाव्या दिवशी बंद केलं. आठ महिन्यांनी दुसऱ्या एकीचं तीन वर्षांचं काम असंच शून्य बाइटचं झालं, तेव्हा एका नव्या कॉन्ट्रिब्युटरने, म्हणजे आमच्या कोडला हातभार लावणाऱ्याने, जुना रिपोर्ट शोधून काढला आणि तिसरी ओळ मला कॉपी करून पाठवली, 'डिस्क जवळजवळ भरली होती.' बास, एवढंच. आमचा कोड सेव्ह करताना आधी मूळ फाईल रिकामी करायचा आणि मग त्यात लिहायचा, त्यामुळे जागा संपली की जुनंही गेलं आणि नवंही नाही. खरं तर तात्पुरत्या फाईलमध्ये लिहून, ते डिस्कवर पोचल्यावर मगच नाव बदलायचं असतं, ही काही नवी विद्या नाही. फिक्स एका संध्याकाळी झाला. आणि ती तिसरी ओळ पहिल्या दिवसापासून तिथेच होती, मी वाचलीही असणार, पण त्या रात्री माझ्यासमोर अजून चाळीस रिपोर्ट होते आणि डोळे पुढेच पळत होते.

आता तुम्ही म्हणाल, बघा, आम्ही हेच म्हणत होतो. हो, पण चाळीस रिपोर्टना मी एकटी का होते, हे कुणी विचारत नाही. एक्सझेडचं (फाईली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) आठवा, 2024 च्या मार्चमध्ये त्यात चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडला. त्याच्या दोन वर्षं आधी ते एकट्याने सांभाळणाऱ्या थकलेल्या मेंटेनरमागे काही जणांनी 'किती उशीर, दुसऱ्याला कोड बदलायचे हक्क द्या' असा तगादा लावला होता, आणि शेवटी हक्क मिळाले ते नेमके चोरदरवाजा घालणाऱ्यालाच. म्हणून 'अजून किती वेळ' असं कुणी विचारलं की मी जरा तुसडी होते. (हे कारण मला सोयीचं आहे हेही कळतं. मी त्याच्या आधीपासूनच तुसडी होते.)

त्या रिकाम्या फाईलच्या प्रकरणानंतर बॉट बंद केला. चार महिन्यांत उघड्या रिपोर्टची यादी एवढी फुगली की खरे बग त्यात दिसेनात, तेव्हा परत चालू केला, फक्त 'डेटा जातो' असं लेबल असलेल्यांना त्याने हात लावायचा नाही असा नियम घातला. पण ते लेबल लावायचं कुणी? मीच, त्याच डोळ्यांनी.

काल रात्री एक आलाय, 'सेव्ह होत नाही', बाकी काही नाही. व्हर्जन विचारलंय, डिस्कवर जागा किती आहे तेही विचारलंय, आणि लेबल कुठलं लावायचं ते अजून ठरत नाहीये.